स्कोररचा नवरा

विमानतळावर मेधा तिच्या आईच्या गळ्यातले हात सोडायला तयार नव्हती. ट्रॉलीवर बॅगा, बॅगांवर झोपलेली छोटी ईरा, आणि मी सारखा घड्याळाकडे बघतोय. ऑस्ट्रेलियाचा हट्ट माझा. मेधाची नाशिकच्या कॉलेजातली शिकवण्याची नोकरी उत्तम चालली होती. ती माझ्यासाठी निघाली होती. तिच्या बाबांनी मला बाजूला घेतलं. "तिला जप. तिला तिकडे रुळायला वेळ लागेल," म्हणाले. मला वेळ लागेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

मी कॉलेजच्या टीमचा ओपनर. क्रिकेटवेड्या देशात चाललोय, माणसं आपोआप जोडली जातील, असं धरून चाललो होतो. पण तिकडे पॅरामॅटाच्या ऑफिसात क्रिकेटवर दोन वाक्यं होतात, तेवढ्यात लिफ्ट येते आणि जो तो आपापल्या मजल्यावर उतरतो. आम्ही राहतो त्या टूनगॅबीत आपली मंडळी भेटतात, पोहे होतात, घरांच्या किमतींवर बोलणं होतं. छान असतं. पण त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

मग ईराने बेसबॉल घेतला. तिची मैत्रीण रूबी खेळते म्हणून. मी क्रिकेटचं नाव काढलं, तर म्हणाली, "बाबा, त्यात नुसतं उभं राहावं लागतं. बोअरिंग."

पालकांच्या पहिल्या मीटिंगला कोचने काहीतरी भराभर विचारलं. मेधाला वाटलं, मुलांसाठी संत्री कापून कोण आणणार असं विचारतोय. तिने हात वर केला आणि टीमची स्कोरर झाली. गाडीत हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो. जिने आयुष्यात एक क्रिकेट मॅच धड पाहिली नाही, ती बेसबॉलचा स्कोअर लिहिणार.

तिला ग्वेनने शिकवलं. ग्वेन सत्तरीची, नातवंडं मोठी होऊन खेळ सोडून गेली तरी ही मैदानावर येतच राहिलेली. बेसबॉलमध्ये प्रत्येक फील्डरला नंबर असतो. बॉल टाकणारा पिचर एक, बॅटरच्या मागचा कॅचर दोन, असं नऊपर्यंत. सहा नंबरवाल्याने जमिनीवरचा बॉल उचलून तीन नंबरवाल्याकडे फेकला आणि बॅटर आउट झाला, तर लिहायचं सहा-तीन. मेधाने डायनिंग टेबलावर नऊ वाट्या मांडल्या. ईरा राजम्याचा दाणा एका वाटीतून दुसरीत टाकायची आणि मेधा आकडे म्हणायची. "सहा-चार-तीन." "यस, आई! डबल प्ले! दोघं आउट!" मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेलो. दोघींनी माझ्याच घरात एक भाषा काढली होती आणि तिच्यातलं मला अक्षर कळत नव्हतं.

सीझन पुढे सरकला तसं मैदानावर सगळे मेधाला ओळखायला लागले. कँटीनवाला तिच्यासाठी चहा बाजूला ठेवायचा, कुणाची तरी आजी तिला लिंबं द्यायची. ती नेटमागच्या टेबलाशी टोपी घालून बसायची, आणि मुलं बॅटिंग करून आली की आधी तिच्याकडे यायची, "मेधा, वॉज दॅट अ हिट?" मला एक जण म्हणाला, "यू'र मेधाज हज्बंड, राइट?" मी हो म्हणालो. त्याने माझं नाव विचारलं नाही. त्या क्षणी मला बायकोचा हेवा वाटला. यायचं मला होतं. रुजली ती.

एका शनिवारी ईराने बॉल जोरात मारला. तो सरळ शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सहा नंबरवाल्याच्या, ग्लोव्हमध्ये गेला आणि सुटला. ईरा पहिल्या बेसवर पोचली, मी टाळ्या वाजवल्या. पण मेधाने एरर लिहिली. म्हणजे चूक त्या पोराची. ईराच्या नावावर हिट नाही. मी टेबलापाशी गेलो.

"अगं, हिट दे की. आपलीच पोरगी आहे."

तिने वर न बघता सांगितलं, "सुहास, स्कोररशी मॅच चालू असताना बोलायचं नसतं. तिकडे जाऊन उभा राहा."

ग्वेनला मराठी येत नाही, पण ती हसली.

घरी जाताना मी मुद्दाम म्हणालो, "ईरा, तुझी हिट आईने खाल्ली."

मागच्या सीटवरून ती शांतपणे म्हणाली, "इट वॉज ॲन एरर, बाबा. त्याने पकडला असता तर मी आउटच होते. आई इज राइट." आरशात मेधाकडे बघून ती हसली. माझ्याकडे बघून ती तशी कधी हसली होती, आठवेना.

त्यानंतर मेधाला एका शाळेचा इंटरव्ह्यू आला, नेमका मॅचच्या सकाळी. ग्वेनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी म्हणालो, मी लिहितो. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं, ते मी सोडून दिलं. आठवडाभर मेधाने मला शिकवलं. मी सारखा क्रिकेटमध्ये घसरायचो, ती न चिडता पुसायची. नाशिकला तिच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत ती शिकवते कशी, हे मी पाहिलंच नव्हतं.

मॅचच्या दिवशी पहिल्याच इनिंगमध्ये मी दोन बॅटरच्या नोंदी चुकवल्या. समोरच्या टीमचा स्कोरर, एक अबोल लेबनीज बाप, आपलं पान माझ्याकडे सरकवून म्हणाला, "नो वरीज, मेट. आपण दोघं जुळवून घेऊ." नंतर बरं चाललं. मॅच संपत आली तेव्हा मेधा इंटरव्ह्यूच्या कपड्यांतच आली. मी खुर्ची सोडायला लागलो तर खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस. तुझी मॅच आहे." तिला बघून मुलं ओरडली, कँटीनवाल्याने हात केला. हेवा वाटला, अजूनही वाटतो. पण त्या दिवशी तो घेऊन मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो होतो.

या सुट्टीत नाशिकला गेलो. आईने भाकऱ्या थापल्या होत्या आणि जेवताना आमच्या तिघांत वाद पेटला. शेवटच्या मॅचला रूबीने तो बेस पळून चोरला होता की पिचरचा बॉल वाकडा गेला म्हणून तिला मिळाला? ईरा हातवारे करत होती, मेधा मान हलवत होती, मी मध्येच, "अगं, आपल्याकडे तसं लिहीत नाहीत," असं बोलून गेलो. आपल्याकडे म्हणजे टूनगॅबीला. माझा मोठा भाऊ एकदा माझ्याकडे, एकदा ईराकडे बघत होता. एकदा त्याने विचारलंही, "कसला बेस?" आम्ही वाद घालतच राहिलो. "चालू द्या तुमचं," म्हणून तो हसला, ताट उचललं आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसला.

ते हसू मला चांगलंच ओळखीचं होतं. ज्या घरात आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो, तिथे मी त्याला परका केला होता. मीही ताट उचललं, त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"दादा, ऐक," म्हणालो, "मैदानात नऊ जण असतात."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाला, "बरं. मग?"