पद्मजाबाईंची डच शिकवणी

नागपूरच्या शाळेत पद्मजाबाईंनी अठरा वर्षं भूगोल शिकवला. युरोपचा नकाशा त्या फळ्यावर एका दमात काढायच्या. त्यातला समुद्रालगतचा तो एवढासा नेदरलँड्स एक दिवस आपल्याच लेकीला दाराबाहेर उभं करून तोंडी परीक्षा घेईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

लेकीचं, अनयाचं, लग्न ठरलं होतं यतीनशी. घराणं सांगलीचं, पण मुलगा नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला लहानाचा मोठा झालेला, पासपोर्टनं डच. त्या सरकारनं दोन वर्षांपूर्वी कायदा केला होता: परदेशी बायकोला आणायचं असेल, तर तिनं आधी राहत्या देशातच बसून परीक्षा द्यायची. फोनवर कॉम्प्युटरशी डच बोलायचं आणि त्या देशाबद्दलच्या तीस प्रश्नांची उत्तरं द्यायची. अमेरिका, कॅनडा, जपान अशा काही देशांच्या नागरिकांना माफी. भारतीयांना नाही.

आणि कुटुंब अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली, तरी अनया भारतीयच राहिली होती. २००१ साली त्यांच्या पिस्कॅटवेच्या घरात ग्रीन कार्डं आली ती दोनच. अनयाला महिन्याभरापूर्वी एकवीस वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून कायद्याच्या लेखी ती आईबापांचं मूल उरली नव्हती. गेल्या वर्षी पद्मजाबाई आणि त्यांचे यजमान गुरुदत्त हात वर करून शपथ घेऊन अमेरिकन झाले. लेक वर्क व्हिसावर. त्याचीही सहा वर्षं येत्या ऑक्टोबरात संपणार होती.

"म्हणजे यतीन, मी या वयात एखादा डच म्हातारा गाठला, तर मला कुणी काही विचारणार नाही?"

"नाही काकू. तुम्हाला रेड कार्पेट," फोनवर यतीन हसला.

"म्हातारा सापडला तर मला आधी नोटीस दे हं," गुरुदत्त पेपरातून म्हणाले.

"थट्टा सुचतेय! मी चाळिशीत इथं आले, अजून माझं इंग्लिश ऐकून बँकेतली बाई दोनदा विचारते. मला माफी! आणि ही इथल्या हायस्कूलात शिकली, कॉलेजात शिकली, लॅबमध्ये नोकरी करते, ती अडाणी?"

परीक्षेत नापास झाली तर अनयाला नागपूरला जाऊन बसावं लागणार होतं. तिथला फ्लॅट कधीच विकला होता. आजी-आजोबा राहिले नव्हते. अठ्ठावीस वर्षांची मुलगी कुणाकडे राहणार, किती महिने, याचा विचार आला की पद्मजाबाईंच्या हातातली कामं थांबत.

मग त्यांनी स्वतःच शिकवणी घ्यायला सुरुवात केली. परीक्षेच्या संचात त्या देशाची फिल्म होती, फोटोंचं पुस्तक होतं, शंभर प्रश्नांची सीडी होती, त्यांतलेच तीस विचारणार होते. पद्मजाबाईंनी वहीला खाकी कव्हर घातलं आणि शंभरच्या शंभर उत्तरं देवनागरीत उतरवली. पोळ्या लाटता लाटता प्रश्न सुरू.

"डच सरकार कुठे बसतं?"

"हेग."

"नुसतं हेग काय? डच सरकार हेगमध्ये बसतं. पूर्ण वाक्यात सांग."

"आई, पलीकडे मशीन आहे. इट डझन्ट केअर."

"तपासणारा कुणी का असेना, पूर्ण उत्तराचं वजन वेगळं असतं. माझी मुलं बोर्डात कशी आली?"

अनयानं मान तुकवली आणि पूर्ण वाक्यं पाठ केली. ऑगस्टात न्यूयॉर्कच्या डच कचेरीत परीक्षा झाली. पद्मजाबाई बाहेर खुर्चीत पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. दुपारी अनया कागद घेऊन आली. बोलण्यात पास. देशाच्या प्रश्नांत दोन उत्तरं कमी, म्हणून नापास.

"सगळं येत होतं गं," ती परतीच्या ट्रेनमध्ये म्हणाली. "पण माझं वाक्य संपायच्या आत पुढचा प्रश्न सुरू व्हायचा. मग तो अर्धा हुकायचा."

पद्मजाबाईंना जे समजायचं ते समजलं. "एकेक शब्द पुरला असता?"

अनया खिडकीबाहेर बघत राहिली. "हो."

"मी घालवली तुझी परीक्षा."

"डोन्ट बी सिली, आई."

पण पद्मजाबाईंचे डोळे वाहायला लागले आणि वाहता वाहताच त्या भडकल्या. "नाही, पण मी म्हणते, चूक माझी, कबूल. दोन उत्तरांवरून कळतं का बाई संसाराला लायक आहे की नाही? उद्या नवरा-बायको आपसांत भांडले, तरी यंत्राला विचारून भांडायचं का?" समोरच्या सीटवरचा माणूस दचकून दुसरीकडे जाऊन बसला.

पुढची मोकळी तारीख नोव्हेंबरातली होती आणि व्हिसा ऑक्टोबरात संपत होता. यतीननं आठवडाभर वकिलांना फोन केले आणि मग पिस्कॅटवेला केला.

"काकू, मी बेल्जियममध्ये भाड्यानं घर घेतोय. ऑफिसपासून पाऊण तास. डच माणूस तिथं राहायला गेला की तो युरोपियन धरला जातो. त्याच्या बायकोला परीक्षा नाही."

"थांब. तू डच आहेस, म्हणून तुझ्या बायकोला तुझ्या देशात आणता येत नाही?"

"हो."

"आणि शेजारच्यांच्या देशात आणता येतं?"

"हो."

"अरे, मग हे स्वतःच्याच पोरांना घराबाहेर काढताहेत!"

"माझे बाबाही हेच म्हणतात. त्यांनी आइंडहोव्हनच्या घरात आमच्यासाठी वरची खोली रंगवून ठेवली होती."

सप्टेंबरात टाउनशिपच्या ऑफिसात लग्नाच्या सह्या झाल्या, घरातल्या घरात अक्षता पडल्या. महिन्याभरानं अनया ब्रसेल्सच्या विमानात बसली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"आई, बेल्जियमच्या या भागातही सगळे डचच बोलतात! आज नगरपालिकेत नाव नोंदवायला गेले. सगळं मीच बोलले, यतीन नुसता शेजारी बसला होता. तिथली बाई म्हणाली, किती छान बोलता तुम्ही, कुठे शिकलात?"

गुरुदत्तांनी आनंदानं टाळी वाजवली. पद्मजाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग त्या बाईला सीमेपलीकडच्यांना फोन करायला सांग," त्या म्हणाल्या. "म्हणावं, ज्या पोरीला तुम्ही दाराबाहेर ठेवलं होतंत, ती शेजारी आलीये. आणि सासऱ्यांची वरची खोली अजून रिकामी आहे."