राजाच्या मेजवानीची कार्डं

बाळांनो, तुमच्या आत्याचं डब्लिनमधलं संशोधन मी जवळजवळ कसं बुडवलं, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

आत्या डेन्मार्कच्या राजदरबाराचा अभ्यास करते, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या. मेजवानीत कोणी कोणाच्या पुढे चालायचं, कोणी कुठे बसायचं, हे तिथे राजा ठरवायचा. त्या दिवशी दुपारी तीन वाजता तिला हे सगळं प्रोफेसरांपुढे मांडायचं होतं. पुढच्या वर्षी संशोधन चालू राहणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं.

सकाळी ती आंघोळीला गेली. ॲडम्सटाउनच्या तिच्या छोट्या फ्लॅटमध्ये सोफ्यापासून थेट किचनच्या प्रेसपर्यंत (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) गालिच्यावर कार्डांची रांग लागली होती, एकेका कार्डावर दरबारातलं एकेक माणूस. मला व्हॅक्यूम फिरवायचा होता. तीस वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळलेली बाई जे करेल तेच मी केलं. कार्डं उचलली, ए टू झेड लावली आणि रबरबँड घातला.

आत्या डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि मोकळ्या गालिच्याकडे बघत सोफ्याच्या हातावर बसली. ओरडली नाही. कार्डांवर नंबर घालायचे राहिले होते, एवढंच म्हणाली. महिनाभर जुने कागद चाळून लावलेला क्रम फक्त त्या गालिच्यावर होता.

मी रबरबँड काढला. म्हटलं, आधी मला सांग, कोणाला मागे बसवलं तर कोण रुसेल? लग्नाकार्यांतले मानपान सांभाळण्यात माझी हयात गेली आहे. मी जुन्या सरदार घराण्यांना वर बसवलं, आत्याने त्यांना खाली ढकललं. राजाने ज्याला मोठी नेमणूक दिली तो वर, मग त्याचे आजोबा कोणी का असेनात. जुनी घराणी त्यावरून फुगून बसायची म्हणे. बसू देत, मी म्हटलं, पानं वाढली की रुसलेले व्याहीसुद्धा येतात. ती हसली आणि मग कार्डं भराभर लागायला लागली.

शेवटी माझ्या हातात एक कार्ड उरलं. एका मंत्र्याची विधवा. मी ते सवयीने पार प्रेसजवळ, सगळ्यांच्या मागे ठेवलं. आत्याने ते उचललं, गुडघ्यांवर सरकत सोफ्याजवळ गेली आणि मंत्र्यांच्या बायकांमध्ये ठेवलं.

"आई, तिथे नवरा गेला म्हणून बाईची जागा जात नव्हती," ती म्हणाली. "पुन्हा लग्न करेपर्यंत ती तिचीच."

बरी होती की तुझी मंडळी, मी म्हटलं. मग दोघींनी नंबर घातले आणि एकची ट्रेन पकडली.

युनिव्हर्सिटीत मी मागची, दाराजवळची खुर्ची धरली. आजोबा गेल्यापासून समारंभात माझी तीच जागा. प्रोफेसर येऊन बसले, तरी आत्या सुरुवात करेना. ती सरळ माझ्यापाशी चालत आली.

"खुर्ची चुकली," ती मराठीत म्हणाली आणि माझी पर्स उचलून पुढे निघाली. पर्सच्या मागे मला जावंच लागलं.

भाषण संपल्यावर तिचे प्रोफेसर 'ग्रँड' म्हणाले. इथे चहा बरा झाला तरी ग्रँड म्हणतात, म्हणून मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. संशोधन चालू राहणार होतं. पहिल्या रांगेत बसल्यामुळे मला मात्र एकदाही डुलकी काढता आली नाही.