तीनदा घासलेला टोप

मी थापाड्या माणूस आहे, हे आमच्या घरातली लहान पोरंही सांगतील. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एक थाप मी वर्षानुवर्षं लग्नाकार्यांत वाटली, ती आता आठवली तरी मान खाली जाते.

महाडजवळच्या एका कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघायचो. टोप एकच, वाफेवर तापणारा. एवढा थोरला, की त्यात म्हैस बसली असती, वर तिच्या पाठीवर बगळाही. आज त्यात लसणीची चटणी, उद्या कैरीचं पन्हं. मध्ये टोप धुवायचा, नाहीतर पन्ह्याला लसणीचा वास. आता एकदा टोप धुतला की किती माल काढायचा? थोडा थोडा काढला तर दिवस धुण्यात जातो, भरमसाट काढला तर बाटल्यांत भरेपर्यंत पडून राहतो. मधला परवडणारा आकडा काढायचं एक सूत्र असतं. ते मला येत होतं, आणि येतं हे मी वीर स्टेशनच्या रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सूत्राला हवा होता धुण्याचा वेळ. टोप धुणारी बाई पोलादपूरकडची, पन्नाशीची. मी घड्याळ घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. तिने साबणाने घासला, चिंचेने घासला, पुन्हा साबणाने घासला. घाम पुसत म्हणाली, "बघा साहेब, तोंड दिसतंय का?"

दिसत होतं. माझंच, रुबाबदार. दोन तास लागले. मी लिहून घेतले.

धुण्यालाच एवढा वेळ, तर घाणा मोठाच हवा. आकडा नेहमीच्या चौपट आला. भर मे महिन्यात चौपट पन्हं शिजलं. बाटल्या भरणाऱ्या चौघी. शेवटची पिंपं तिसऱ्या दिवशी रिकामी झाली. तोवर माल आंबला होता. बुचं अशी उडाली, की दरड कोसळली समजून कशेडी घाटात ट्रक थांबले असतील.

शेठनी विचारलं, "कुठं चुकलं?"

"टोप नीट धुतला नसावा," मी म्हणालो.

सोमवारपासून बाई दिसली नाही. तिच्या जागी आलेलीने टोप अर्ध्या तासात लख्ख केला. मी चमकून विचारलं, तर बाटल्या भरणारी एकजण हसली, "साहेब घड्याळ घेऊन उभं राहिल्यावर कोण लवकर उरकंल? कामचोर म्हनाल ना!"

कळलं, आणि मी ते गिळलं. वर त्याचा किस्सा केला: एक आळशी बाई, टोपाच्या तळाशी लसणीचा अख्खा गड्डा, शेठची बोंब. लोक पोट धरून हसायचे.

गेल्या हिवाळ्यात सासरची मंडळी घेऊन रायगडावर गेलो. उतरल्यावर हिरकणीवाडीत सरबताला थांबलो, तर टपरीत तीच.

"साहेब! बसा, बसा." ती पातेलं धूत होती. धुऊन पालथं घातलं, पुन्हा उचललं, पुन्हा घासायला घेतलं.

"मावशी, दोनदा?" मेव्हण्याने विचारलं.

"सवय हाय. कारखान्यात माझ्या हातनं टोप नीट धुतला गेला नाय, शेठचा लय माल गेला. कुठं राहिलं ते कळलंच नाय. तीनदा घासला व्हता. साहेब व्हते समोर, इचारा."

मेव्हणा माझ्या कानाशी आला. "भावोजी, ही तीच का? लसणीच्या गड्ड्याची?"

दहा थापा जिभेवर तयार होत्या. एकही बाहेर येईना.

"मावशी, टोप स्वच्छ होता," मी म्हणालो. "आकडा माझा चुकला. शेठना मी खोटं सांगितलं."

तिचे हात पातेल्यातच थांबले. मेव्हणा दुसरीकडे बघायला लागला.

"आनि मी आपली इतकी वर्सं घासतेय," ती म्हणाली. मला नाही, पातेल्याला. मग ते तसंच ठेवून आत निघून गेली.

सरबत तिच्या सुनेने दिलं. तिने ग्लास एकदाच विसळले.