माझ्याच फोटोखाली उभा राहिलो

आमच्या घरात बाजार मी करतो. बायको नर्स आहे, आणि तिच्या ड्युटीच्या वेळा अशा की ती मोकळी होते तेव्हा दुकानं एकतर उघडलेली नसतात नाहीतर बंद होत आलेली असतात. त्यामुळे लग्न झाल्यापासून पिशवी माझ्याच खांद्यावर. तेव्हा मी खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. सुट्टीच्या दिवशी शिळफाट्याला जायचं, आधी रिकाम्या हातानं सगळा बाजार फिरायचा आणि येताना घ्यायचं, हा माझा शिरस्ता. वांग्याचा देठ बघायचा, कांद्याची मान दाबायची, सुकटीची चिमूट नाकाजवळ न्यायची. बायको म्हणायची, "अहो, पिशवीभर भाजी आणायला गेलात की मुलगी बघायला?"

कारखाना सुटल्यावर हौशी नाटकांच्या ओळखीतून मला एका मालिकेत काम मिळालं. शाळेच्या हेडमास्तरांचं. शूटिंग कर्जतच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात चालायचं, घरून जाऊन येऊन करता यायचं. काम तसं छोटंच होतं, पण त्यात एक वाक्य होतं. पोरगं अभ्यास केल्याच्या थापा मारायला लागलं की मी चष्मा खाली ओढून म्हणायचो, "वाचून दाखव!" ते वाक्य लोकांनी उचललं. रिक्षावाले म्हणायला लागले, लग्नात वरमाया म्हणायला लागल्या. वयाच्या साठीत मी प्रसिद्ध झालो.

पहिल्यांदा मजा वाटली, खोटं कशाला बोलू. पण बाजारात त्याचं काय होतं, ते हळूहळू कळत गेलं. मी ज्या पाटीपुढं बसून चवळी निवडायला लागायचो, तिथं गर्दी व्हायची. "मास्तरांनी घेतली म्हणजे चांगलीच असणार." आणि शेजारची बाई तशीच चवळी घेऊन रिकामी बसलेली. एकदा अशीच एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, काय घेऊ नको, नुसता उभा ऱ्हा रं हितं." मी हसलो आणि उभा राहिलो. तिची पाटी रिकामी झाली. घरी येईपर्यंत मात्र माझं हसू ओसरलं होतं. माझ्या उभं राहण्यालाही वजन आलं असेल तर ते कुठं टाकायचं, हे मलाच बघायला हवं होतं. तेव्हापासून मी दर वेळी वेगळ्या पाटीवरून घ्यायला लागलो आणि कोणी फुकट काही पिशवीत टाकलं तर परत ठेवायला लागलो.

आमच्या शेजारी एक मुसलमान मावशी राहतात, सगळी चाळ त्यांना खाला म्हणते. ब्लाउज शिवतात. नवरा गेल्यापासून एकट्याच, पण सगळ्या चाळीवर त्यांचा आवाज. त्यांना साखरेचा आजार आहे, आणि माझ्या बायकोचा त्यांच्या गोळ्यांवर पहारा असतो; फक्त त्या आठवड्यात तिला रात्रपाळी होती. एका शनिवारी त्या आमच्याकडं आल्या त्या तांदळाची चकचकीत पिशवी घेऊनच.

"बघ, तुजा तांदूळ आणला," त्या मला म्हणाल्या. "म्हाग हाय रं, पण आता गोळ्या बंद. आठवडा झाला, एक बी नाय खाल्ली."

"माझा तांदूळ?"

"मंग! शिळफाट्याला दुकानावर तुजा एवढा मोठा फोटो लागलाय. खाली लिवलंय, मास्तरांच्या घरी हाच भात, आता गोळ्या विसरा. तू बोललास म्हणून घेतला, नायतर मी कशाला घेते?"

बायकोनं लगेच साखर मोजायचं मशीन काढलं आणि खालांचं बोट पुढं घेतलं. आकडा बघून तिचा चेहरा उतरला. तिनं तिथंच त्यांना गोळी दिली, सकाळी दवाखान्यात यायचं कबूल करून घेतलं, आणि त्या गेल्यावर माझ्याकडं वळली. "आणखी किती जणांनी गोळ्या सोडल्या असतील हो?"

मला रात्रभर तेच ऐकू येत होतं. आमच्या घरी विकतचा तांदूळ कधी आलेलाच नाही. माझं गाव पोशीर, भाऊ शेती करतो, वर्षाचा तांदूळ तिथून येतो. त्या दुकानात मी एकदा साबण घ्यायला गेलो होतो, तेव्हा मालकानं हौसेनं माझ्याबरोबर फोटो काढला होता. त्यातून स्वतःला कापून त्यानं मला तेवढा वर टांगला होता.

रविवारी सकाळी मी दुकानात गेलो. मालक तरुण होता, बोलायला गोड. "या मास्तर! तुमच्यामुळं माल उरत नाय बघा."

"बोर्ड उतरवा," मी म्हणालो. "मी हा तांदूळ खात नाही. आणि तुमचं वाचून माणसं औषध बंद करतायत."

"अहो, जाहिरातीत थोडं जास्तीच लिवतात. तुमचं मानधन काय ते सांगा ना, आपण रीतसर करू."

"मानधन नको. बोर्ड उतरवा."

"कंपनीचा माणूस येईल पुढच्या आठवड्यात, त्याला विचारून बघतो," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

मला तक्रार करता आली असती, आणि ती मी नंतर केलीही. पण तोवर रोज पिशव्या जाणार होत्या. मी बाहेर आलो आणि त्या फोटोखाली पायरीवर उभा राहिलो. वर हसणारा मी, खाली घामाघूम झालेला मी. लोक थांबायला लागले.

कॉलेजातली एक मुलगी फोन पुढं करत आली. "सर, एक सेल्फी? आणि ते वाक्य म्हणा ना!"

"म्हणतो," मी म्हणालो. "आधी ती तांदळाची पिशवी आण आतून."

तिनं आणली. मी चष्मा खाली ओढला, पिशवी मागची बाजू वर करून तिच्या हातात दिली आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वाचून दाखव!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. ती ऐटीत वाचायला लागली. "घटक : तांदूळ." पुन्हा हशा. मग तिनं पिशवी डोळ्यांजवळ नेली, कारण पुढची अक्षरं मुंगीएवढी होती. "हे... हे उत्पादन औषध नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपचार बंद करू नयेत."

हशा थांबला. "परत वाच," मी म्हणालो. तिनं परत वाचलं. मग कोणीतरी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली. "मास्तर, मग तुमच्या घरी काय खातात?" एकानं विचारलं. "पोशीरचा तांदूळ, भावाच्या शेतातला. आणि तो खाऊनसुद्धा माझ्या साखरेच्या गोळ्या चालूच आहेत."

दुपार होत आली तरी मी हललो नाही. जो येईल त्याला तेच सांगत होतो. तेवढ्यात रिक्षातून खाला उतरल्या, मागं माझी बायको. दोघी दवाखान्यातून थेट आल्या होत्या. खालांनी फोडलेली पिशवी काउंटरवर ठेवली आणि मालकाला म्हणाल्या, "मी अडाणी नाय. मला वाचता येतं. पण पुढं याचा चेहरा व्हता म्हणून मी मागं बघितलं नाय. तुज्या आईला साखर असती तर तिला लिवलं असतंस का रं असं?"

त्यानं गर्दीकडं बघितलं, खालांकडं बघितलं. मग आतून स्टूल आणलं, त्यावर चढला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या स्वतःच सोडायला लागला. एक गाठ सुटेना, तेव्हा मीच खालून आधार धरला. फ्लेक्स खाली आला तशी समोरच्या रिक्षा स्टँडवरून आरोळी उठली, जणू कुणी निवडून आलं होतं. बायको माझ्याकडं बघत होती. नाटकाच्या कुठल्याही प्रयोगाला तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं.

"आता तुमी माज्या दुकानात येणार नाय," मालक स्टुलावरून उतरत म्हणाला.

"येईन की. तुमचा साबण चांगला आहे," मी म्हणालो. आणि लगेच जोडलं, "पण फोटो नाही."

त्या मुलीनं काढलेला व्हिडिओ मालिकेपेक्षा जास्त फिरला. नेरळपासून खालापूरपर्यंत लोकांनी पिशव्या परत नेऊन दिल्याचं कानावर आलं. पुढं दोन कंपन्यांनी जाहिरातीसाठी विचारलं, आणि दोन्हींना मी बायकोचा नंबर दिला. मालाची पाठ ती वाचेल, मग बोलू. त्यांतली एकही परत आली नाही.

खालांनी पुढं एक गोळी चुकवली नाही. महिन्याभरानं बायकोनं पुन्हा त्यांचं बोट घेतलं. आकडा बघून ती हसली तशा खाला उठल्या, चाळीच्या कठड्याशी गेल्या आणि खालच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या, "उतरली गं बायांनो, उतरली!" खालून कुणीतरी विचारलं, "काय उतरली, खाला?" "साखर गं, साखर!" आणि मग सगळी चाळच टाळ्या वाजवायला लागली.