खोट्या पाण्याचा चोर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई! मध्येच थांबवलंत तर मी पुढचं सांगणार नाही. एवढी शोभा झाली माझी की आमच्या सोसायटीत अजून कुणी नवीन भाडेकरू आला की त्याला आधी पार्किंग दाखवतात आणि मग हा किस्सा सांगतात.

मी स्वभावाने संशयी. आता यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी वर्षानुवर्षं लॅबमध्ये होते. आलेल्या मालाचे नमुने तपासायचे. ड्रमवर लिहिलेलं एक, आत निघणार भलतंच. अशा नोकरीत माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? मिलिंद, म्हणजे माझा नवरा, सगळ्यांना सांगत फिरतो, "वैशाली देवळात गेली तरी तीर्थ आधी हुंगून बघते."

तर ती नोकरी सोडली आणि घरी बसल्या बसल्या मी मोबाईलचं ॲप बनवायला शिकले. इंटरनेटवरचे धडे बघून, रडतखडत. पण शिकले! आणि पहिलं ॲप कशाचं बनवणार? पाण्याचं.

आम्ही राहतो नवीन पनवेलला. सोसायटीचं नाव 'सरोवर'. बिल्डरने नाव ठेवलं, पाणी ठेवायला विसरला. नळाला पाणी कधी येईल याचा काही नेम नाही. सकाळी सहाला येईल, नाहीतर दुपारी तुम्ही बाजारात गेलात की येईल आणि परत येईपर्यंत जाईल. म्हणून माझी युक्ती अशी, की ज्याला पहिल्यांदा नळाला धार दिसेल त्याने ॲपमधलं मोठं निळं बटण दाबायचं. की लगेच सगळ्यांचे फोन ओरडणार. अक्षरशः ओरडणार हं! मी माझाच आवाज भरला होता त्यात. "आलं, आलं, आलं!"

ॲपचं नाव ठेवलं, 'आलं का?'

सोसायटीच्या ग्रुपवर ते नाव टाकलं तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या नसीमभाभींनी विचारलं, "वैशालीजी, इसमें लसूण भी मिलेगा क्या?" ॲपच्या त्या मोठ्या ऑनलाईन दुकानात हे नाव शोधलं की आल्याचा चहा, आल्याच्या वड्या, खोकल्यावर आलं, असं काय काय निघायचं. माझं ॲप मात्र कुठेच नाही. कारण ते अजून दुकानात मांडलंच नव्हतं.

आणि ते मांडणं म्हणजे काय दिव्य असतं माहितीये? तुम्ही नवशिके असलात की दुकान म्हणतं, आधी डझनभर ओळखीच्या माणसांना वापरायला द्या. त्यांनी काही दिवस ते सलग मोबाईलवर ठेवलं पाहिजे. मध्येच माणसं गळाली तर पुन्हा पहिल्यापासून! त्यानंतर दुकानातलं कुणीतरी तपासणार आणि मग तुमची पाटी लागणार.

आता डझनभर माणसं आणायची कुठून? मी दारोदार फिरले. लोक माझ्याकडे असे बघायचे, जशी मी ड्रमकडे बघायचे! आमचे सेक्रेटरी साठे म्हणाले, "लिंक दाबली की बँक रिकामी होते, वहिनी. आमच्या साडूचं झालंय." मी म्हटलं, "अहो साठे, मी समोर राहते. तुमची बँक रिकामी करून मी जाणार कुठे?" तर विचार करून म्हणाले, "तेही खरंच."

शेवटी माणसं जमली. तळमजल्यावरचे म्हात्रेकाका तर स्वतःहून आले. म्हात्रेकाका मूळचे जवळच्याच ओवे गावचे. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, आणि दोन पाण्याच्या टँकरचे मालक. म्हणाले, "ताई, माझ्या पन फोनात टाका. आमाला पन कलू दे पानी कदी येतं."

टँकरवाला. नळाचं पाणी कधी येतं ते त्याला कशाला कळायला हवंय? आहे की नाही विचार करण्यासारखं? मी ॲप टाकून दिलं, पण मनात त्याच क्षणी पाल चुकचुकली.

पहिले दोन-तीन दिवस छान गेले. लोक दारात थांबवून कौतुक करत होते. मग मी ॲपचा रंग जरा बदलला आणि नवीन आवृत्ती दुकानाच्या साइटवर चढवली. चढवून भाजी चिरायला बसते न बसते तोच फोन ओरडला, "आलं, आलं, आलं!"

अख्खी सोसायटी धावली. नसीमभाभींनी मशीनमध्ये चादरी टाकल्या. साठेंनी धावत जाऊन खालच्या टाकीचा पंप सुरू केला. आणि नळ उघडला तर काय? फुस्स! एक सुस्कारा टाकला नळाने आणि गप्प. कोरडा पंप चालून चालून मोटारीतून जळका वास यायला लागला तेव्हा साठे बंद करायला पळाले.

"कुणी दाबलं बटण?" मी ग्रुपवर विचारलं. सगळे म्हणाले, आम्ही नाही.

मी ॲपच्या आतली नोंद उघडली. बटण दाबणारा एक नवाच सदस्य होता. ए विंग. नाव काय, तर इंग्रजीत नुसता चिवडा. एक्स, एम, टी, आर, क्यू!

मिलिंद म्हणाला, "कुणा लहान मुलाने खेळताना दाबलं असेल."

"मिलिंद, नीट वाच. एक्स आणि क्यू काढ. मध्ये काय उरतं?"

"एमटीआर."

"म्हणजे?"

"मसाले?"

"म्हात्रे!"

मिलिंदने हातातला पेपर तोंडासमोर धरला.

मी त्या चिवड्याला ॲपबाहेर काढलं, बंदोबस्त केला, आणि सुधारलेली आवृत्ती चढवली. थोड्या वेळाने, "आलं, आलं, आलं!" पुन्हा नवा चिवडा, पुन्हा कोरडा नळ. पुन्हा बंदोबस्त केला, पुन्हा चढवली. पुन्हा तेच! माझी प्रत्येक हालचाल चोराला कळत होती हो! मी काही बदललं नाही की तो गप्प. मी नवीन आवृत्ती चढवली की तो हजर.

मी खिडकीच्या पडद्याआडून बघायला लागले. आणि काय दिसावं? म्हात्रेकाका गेटपाशी उभे, हातात फोन, आणि फोनकडे बघून खुदूखुदू हसतायत. आता साठीचा माणूस एकटा उभा राहून फोनकडे बघून का हसेल?

आणि हेतू तर उघडच होता. लोकांना पाण्याची वेळ कळली तर टँकर कोण मागवणार? मी मिलिंदला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काकांना सरळ विचार ना."

"चोराला कधी कुणी सरळ विचारतं का?"

इकडे लोक वैतागले. दोघांनी ॲप काढून टाकलं. साठेंनी निरोप धाडला, "वहिनी, मोटार जळली तर सोसायटी बिल तुमच्या दारावर चिकटवेल." डझनातली माणसं गळायला लागली म्हणजे माझी सगळी चाचणी पहिल्यापासून! तेव्हा मात्र मी पेटले.

मी ॲपमध्ये एक सोय केली. ज्या सदस्याचं नाव असं अर्थहीन असेल त्याच्या पडद्यावर आपोआप एक संदेश झळकणार. मराठीत लिहिला आणि त्याला नीट समजावा म्हणून खाली इंग्रजीतही लिहिला. चोराने कुठली पळवाट काढायला नको! संदेश असा होता: 'तू कोण आहेस ते मला पक्कं माहीत आहे. पुन्हा बटण दाबलंस तर बोटं मोडून हातात देईन. तू राहतोस कुठे आणि तुझी गाडी उभी असते कुठे, सगळं ठाऊक आहे.'

मिलिंदला वाचून दाखवला. तो म्हणाला, "'आपली नम्र' असं खाली घालणार आहेस का?"

संदेशाचाही काही उपयोग झाला नाही. चोर निर्ढावलेला! मग रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, साठे अध्यक्ष. बी विंगमधली केतकीसुद्धा आली होती. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. म्हटलं बरं झालं, जाणकार साक्षीदार मिळाला.

मी उभी राहिले. "आपल्यातलाच एक माणूस खोटं पाणी आणतोय. आणि त्याचं कारण असं, की त्याचा पाण्याचाच धंदा आहे."

सगळ्या माना म्हात्रेकाकांकडे वळल्या. काकांनी मागे वळून बघितलं, मागे भिंत.

"मी?" ते म्हणाले. "ताई, मी कशाला?"

"ते आत्ता सिद्ध होईल. काका, तुमचा फोन टेबलावर ठेवा."

काका शांतपणे उठले, फोन ठेवला. "आनखी काय ठेवू? घड्याल? चष्मा?"

"हात वर दिसू द्या फक्त. आता मी इथून नवीन आवृत्ती चढवते. काकांचा फोन इथे आहे, म्हणजे आज बटण दाबलं जाणार नाही. आणि नाही दाबलं गेलं, म्हणजे रोज कोण दाबतं ते कळलं!"

काय तर्क होता! मला स्वतःचाच अभिमान वाटला. लॅपटॉपवर आवृत्ती चढवली. नसीमभाभींनी सगळ्यांना चहा आणला. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले, त्यांना चहासुद्धा साठेंनी बशीत ओतून पाजला. मी एकटक त्यांच्या बोटांकडे बघत होते. चहा संपला. कुणीतरी म्हणालं, वैशालीताई म्हणतात ते खरं दिसतंय. मी मान ताठ केली.

आणि पार्किंगमध्ये इकडच्या खिशातून, तिकडच्या पर्समधून माझाच आवाज किंचाळला, "आलं, आलं, आलं!"

टेबलावरचा काकांचा फोनसुद्धा ओरडला. कुणीही हात न लावता.

काकांनी दोन्ही हात वर केले, जमलेल्या सगळ्यांना दाखवले आणि मला विचारलं, "ताई, आता मी कशानं दाबला? पायानं?"

जो काय हशा पिकला! केतकी मात्र लॅपटॉपजवळ आली आणि म्हणाली, "वैशालीकाकू, तुम्ही आवृत्ती चढवली की दुकानाचं यंत्र आपोआप ती उघडून बघतं, हे माहितीये ना तुम्हाला?"

"कुठलं यंत्र?"

"माणूस नसतो तो, काकू. ॲप कुठे अडकतं का ते बघायला यंत्र दिसेल त्या रकान्यात काहीबाही लिहितं आणि दिसेल ते बटण दाबतं. तुमचं बटण एवढं मोठं, निळं. ते दाबणारच की!"

"पण मला हे कुणी सांगितलं का?"

"दर वेळी मेल येतो. 'तुमच्या ॲपचा चाचणी अहवाल तयार आहे.'"

ते मेल आले होते हो! प्रत्येक वेळी आले होते. पण 'इथे दाबून अहवाल बघा' असं लिहिलेल्या मेलवर मी विश्वास ठेवीन का? मी ते सगळेच्या सगळे फसवे ठरवून कचऱ्यात टाकले होते.

साठे म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुम्ही बदल करायचात, यंत्र दाबायचं, म्हणून तुम्ही आणखी बदल करायचात?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी काकांसमोर गेले. धरणी दुभंगली तर बरं असं झालं होतं. "काका, चुकलं माझं. पण तुमचा टँकरचा धंदा, म्हणून मला वाटलं..."

"पन ताई, आपली सोसायटी माझ्याकडून टँकर घेते कुठं? आपन दुसऱ्याकडून घेतो. माझे टँकर तर बांधकामावर जातात. मीच इथं बादल्या भरून भरून दमलोय, म्हनून तर ॲप घेतला!"

"आणि गेटपाशी फोनकडे बघून हसायचात ते?"

"नातीचे दात पडलेत. बोबडी बोलते व्हिडिओवर. हसू नको काय?"

काकांनी मात्र मोठं मन केलं. म्हणाले, "जाऊ द्या. पानी नाय आलं तरी मानसं आली खाली. लई दिवसांनी सगले एकत्र बसलो."

मी वर गेले, सगळं नीट केलं. यंत्राने बटण दाबलं तरी लोकांचे फोन ओरडणार नाहीत अशी सोय केली. माणसं पुन्हा जमवली, चाचणी पार पडली, आणि ॲप अखेरच्या तपासणीला पाठवलं. झोप लागेना. शेवटी उत्तर आलं. या वेळी मेल उघडला हं मी! केतकीला बोलावलं आणि तिने मोठ्याने वाचला.

नामंजूर.

कारण काय, तर 'तुमचं ॲप वापरकर्त्याला शारीरिक इजा करण्याची धमकी देतं.' सोबत पडद्याचा फोटो. दुकानातल्या खऱ्याखुऱ्या तपासनिसाने ॲप उघडलं होतं, नावाच्या जागी दोन-चार अक्षरं खरडली होती, आणि त्याच्या समोर माझा संदेश झळकला होता. बोटं मोडण्यापासून गाडी कुठे उभी असते इथपर्यंत. इंग्रजीतही, नीट समजावा म्हणून!

तो काढायचाच राहिला होता.

मी खुलासा लिहायला घेतला: 'सदर धमकी आपल्याला उद्देशून नसून आमच्या तळमजल्यावरील एका गृहस्थांना उद्देशून होती, आणि ते निर्दोष निघाले.' केतकीने माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला. "काकू, प्लीज. हे मी लिहिते."

मिलिंद म्हणाला, "त्या बिचाऱ्याने त्या दिवशी गाडी दुसरीकडे लावली असेल."

असो. संदेश काढला, माफी मागितली, आणि एकदाचं 'आलं का?' दुकानात लागलं. मी रोज उठून बघायचे, कुणी अभिप्राय लिहिलाय का. एके दिवशी लिहिलेला दिसला. पहिलावहिला! पाचपैकी पाच तारे. खाली नाव होतं, म्हात्रे.

वाचते तर लिहिलं होतं:

'ॲप बेस हाय. पानी आलं का लगेच कलतं. फक्त बनवनाऱ्या बाईंच्या समोर फोन काढून हसू नका.'