मागच्या काळात गेलेला माणूस

पुस्तकाच्या बांधणीला लावतात त्या खळीचा वास आला, की मला पनवेलच्या वाचनालयातली साठ सालाच्या आसपासची एक दुपार आठवते. मी तिथे नवीनच ग्रंथपाल झाले होते आणि मागच्या काळात जाणाऱ्या माणसाची एक कादंबरी तेव्हा फार फिरत होती. हाताळून तिची पानं सुटली होती, ती मी चिकटवत होते. खिडकीतून खाडीचा खारट वारा येत होता. "शुद्ध पोरखेळ! गेलेला काळ परत येतो होय?" रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, तर कॉलेजातली एक मुलगी त्यांच्याशी हिरिरीने वाद घालू लागली. मिठागरावर काम करणारी एक बाई लेकीबरोबर आली होती. लेकीने तिला ती कादंबरी वाचून दाखवली होती. बाई म्हणाली, "मला त राग आला त्या माणसाचा. मागं जाया मिललं, न् हा राजाचा दरबार बघत बसला? मी त मोरा बंदराच्या धक्क्यावर गेली असती. माज्या पोराला त्या दिवशी होडीत चढू दिला नसता." मग हेडमास्तरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "कसा होता तो, बाई?" ती आधी संकोचली, मग सांगत सुटली. तो शीळ घालत घरी यायचा, भाकरीचा पापुद्रा आधी खायचा, बहिणीला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा. सांगताना ती चक्क हसली आणि लेक तिच्याकडे बघतच राहिली. घरात भावाचं नाव काढायची सोय नव्हती, असं लेक जाताना मला म्हणाली. आता माझीही बरीच माणसं गेली. ती कशी होती, असं कुणी विचारलं, तर मी हातातलं काम बाजूला ठेवून सांगत बसते.