मोहितची वेगळी चूल

बालाघाटात भरवेलीच्या रस्त्याला मोहितची कॉम्प्युटर दुरुस्तीची खोली आहे. पुढं दुकान, मागं घर. घरात तो आणि त्याची आई दुर्गाबाई, दोघंच. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणं आता गल्लीतल्या बायांनीही सोडलं. माणूस सोन्यासारखा, पण अबोल. शेजारची शीला म्हणायची, "मोहितभाऊले बोलतं करायचं तर मशीनच बिघडवा लागते."

त्याचं खरं गणगोत मशीनच्या आत होतं. जगभरच्या माणसांनी मिळून कॉम्प्युटर चालवणारी एक मोठी प्रणाली उभी केली होती. फुकट आणि सगळ्यांना उघडी. देवळातल्या भंडाऱ्याच्या स्वयंपाकासारखी, कोणीही यावं, हात लावावा. मोहित तिथं वर्षानुवर्षं राबला. मग भांडण पेटलं. कॉम्प्युटर सुरू होताच बाकीच्या कामांना उठवणारा एक लहानसा प्रोग्राम असतो. त्याच्या जागी नवा आणला, तर तो सगळ्या घराच्या किल्ल्या कमरेला खोचून बसला. कोणी म्हणालं सोय झाली, कोणी म्हणालं ही दादागिरी. नव्यामुळे जुनी मशीनं अडकू लागली, आणि मोहितच्या दुकानात येणारी सगळी जुनीच. तो चिडला.

शेवटी दहा-बारा जणांनी प्रणालीची नक्कल घेऊन वेगळी चूल मांडली. तिथं ते चालतं, त्याला चोरी म्हणत नाहीत. मोहित सगळ्यांत पुढं होता. निघताना तिखट बोलला, तिकडूनही तिखट ऐकलं.

पण चूल मांडणं सोपं, रोज पेटती ठेवणं अवघड. कोणाला नोकरीनं ओढलं, कोणाला लेकराबाळांनी, कोणी मुकाट्यानं मूळ घरी परतलं. उरले मोहित आणि मलाजखंडचा पियुष, जो आता नागपुरात नोकरीला आहे. संध्याकाळी देवापुढं दिवा लागायच्या सुमारास पियुषचे चार शब्द यायचे, तेही कामाचेच. मोहितला तेवढे पुरत. मग तेही येईनासे झाले.

होळीनंतर पियुष एका लग्नाला बालाघाटला आला आणि दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"भाऊ, मी तिकडं वापस गेलो."

मोहितनं स्क्रू फिरवायचा पेचकस खाली ठेवला. "बोलावलं तुले?"

"कोन बोलावते? गेलो, काम पुढं ठेवलं, घेतलं त्यायनं. जुन्या मशीनीचा इलाज तुले सापडला ना? ते अजून डोकं फोडून राह्यले. काहून देत नाहीस?"

"कोनी मांगितला नाही."

इकडची रीतच तशी. वेगळ्या झालेल्या भावाकडून बोलावण्याचे पिवळे तांदूळ आल्याशिवाय त्याच्या घरच्या लग्नालाही पाऊल टाकायचं नाही. मोहितच्या वडिलांनी सख्ख्या पुतणीचं लग्न त्यापायी सोडलं; वाजंत्री ऐकत अंगणात बसून राहिले होते. मोहितच्या हाडात तेच मुरलेलं.

दुर्गाबाई चहा घेऊन आल्या तसा पियुष हसला. "काकू, तुमचा पोरगा इंटरनेटवर पिवळ्या तांदळाची वाट पाहून राह्यला!"

"मंग? बिनबोलावता कोन जाते?" त्या म्हणाल्या. कपबशी ठेवली. "पर बाप्पा, देवाच्या दाराले बोलावणं नाही लागत. तुमचं कोनतं दार हाय, मले का मालूम."

निघताना पियुष उंबऱ्यापाशी घुटमळला. "आता तू एकटाच हायेस भाऊ त्या चुलीवर. सांगूनच जाव म्हटलं."

पुढचे काही दिवस मोहितनं जेवण अर्धं टाकलं. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा त्यानं तो इलाज मूळ घरी पाठवून दिला. टोमणे येतील, जुनं उकरून काढतील, म्हणून मनात उत्तरंही जुळवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कोणा नव्याच माणसाचा निरोप आला. "हे आमचं कधीचं अडलं होतं. फार आभार. आमच्याकडे पहिल्यांदाच आलात वाटतं? स्वागत!"

मोहितनं तिथल्या माणसांची नावं पाहिली. ज्यांच्याशी तो भांडला होता त्यांतलं एकही राहिलं नव्हतं. इतकी वर्षं ज्यांचा राग सांभाळला, ते केव्हाच निघून गेले होते. आपण कोण, हे घर उभारताना आपलेही हात लागलेत, असं त्यानं लांबलचक लिहिलं. मग सगळं पुसलं.

"हो, पहिल्यांदाच," एवढंच लिहून पाठवलं.

आतून दुर्गाबाईंनी विचारलं, "कोनी बोलून राह्यलं का रे तुह्याशी?"

"हौ आई," तो म्हणाला. "ओळखीचं नाही कोनी."